लघवी पूर्ण होत नाही आणि इन्फेक्शन परत परत होतं, कोणत्या साध्या सवयी लावाव्यात?

लघवीला जाऊन आलं तरी आत राहिल्यासारखं वाटतं आणि वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं, असं तुम्ही लिहिलंय. माझी सहा वर्षं यातच गेली, आणि माझ्या मते ती एका सल्ल्यामुळे गेली: "सीटला अंग लावायचं नाही."

सल्ला थोरल्या बहिणीचा. कॉलेजपासून मी बाहेर कुठेही गेले की गुडघे वाकवून अधांतरीच. ऑफिसात तर जावंच लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचे. जळजळ झाली की गोळ्या, बरं वाटलं की गोळ्या बंद, दोन महिन्यांनी परत तेच. ताई म्हणायची, "बसली असशील कुठेतरी."

शेवटी डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली. एकदा मूत्राशय भरलेलं असताना आणि लघवी करून आल्यावर लगेच पुन्हा. तिथल्या टॉयलेटची कडी निघालेली. पर्स खांद्याला, एक हात दाराला, मी नेहमीसारखी अधांतरी. धार थांबली, आले. तपासणाऱ्या बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "नक्की झाली? अजून 140 मिली आहे." मी ठामपणे म्हटलं, झाली. त्यांनी परत पाठवलं, दाराशी मावशींना उभं केलं आणि नीट बसायला सांगितलं. बसले. कोपर मांड्यांवर टेकवून पुढे वाकले. मिनिटभर काहीच नाही, मग आपोआप धार सुरू झाली. या वेळी उरली 20 मिली.

अधांतरी असताना मांड्या ताठ राहतात आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही सैल पडत नाहीत. मग लघवी मागे राहते आणि त्यात जंतू वाढतात. ते जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यातले असतात. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, त्यांना लांब जावं लागत नाही.

तेव्हा टेकून बसा, तळपाय जमिनीवर. उकिडवं बसायचं असेल तर पूर्ण खाली बसा. कुंथू नका. धार थांबली की अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करा. तासन्‌तास रोखून धरू नका, पुसताना पुढून मागे पुसा, संबंधानंतर लघवीला जाऊन या. पोट साफ ठेवा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. पाण्याबद्दल तर 2018 मध्ये अभ्यास आलाय: वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर जास्त पाणी दिलं, त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र आधी विचारून पाणी वाढवा.

हे सगळं मी बाई म्हणून लिहिलंय. पुरुष असाल, विशेषतः पन्नाशीपुढचे, तर प्रोस्टेट तपासा. मधुमेहानेही लघवी मागे राहते. वर्षात तीनदा म्हणजे लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणतं औषध लागू पडेल ती तपासणी, करायलाच हवं, आणि गोळ्या मी सोडल्या तशा मध्येच सोडू नका. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीत रक्त किंवा गरोदरपण असेल तर सवयींवर विसंबू नका. लघवी अजिबातच होत नसेल तर तडक दवाखाना गाठा.

ताईला हे अजून पटत नाही. तिच्या मुलीलाही ती दारातून तेच बजावते. गेल्या महिन्यात त्या पोरीलाही जळजळ सुरू झाली, तेव्हा मी तिला ताईसमोरच सांगितलं: सीट पूस आणि बस.