भिवंडीच्या पहिल्या गोदामावर जाण्याआधी

मालक म्हणेल, सहा महिन्यांत गोदाम बांधून चावी हवी. तू मात्र आधी मृग कधी लागतो ते बघ. तिकडची जमीन बहुतेक भातखाचराची. एक मोठा पाऊस झाला की डंपर रुततो, भराव दबत नाही. म्हणून भराव, पाया आणि छत पावसाआधी उरक. फरशीचं काँक्रीट मग छताखाली करता येतं.

पीईबीचा, म्हणजे कारखान्यात तयार करून साइटवर जोडायच्या इमारतीचा, लोखंडी सांगाडा भोकं पाडूनच येतो, त्यामुळे अँकर बोल्टमध्ये (खांब धरायला पायात रोवलेले बोल्ट) चूक चालत नाही. माझ्या पहिल्या साइटवर एका ओळीचे बोल्ट काँक्रीट ओतताना सरकले. क्रेन भाड्याने उभी, आणि आम्ही गॅस कटरने बेसप्लेटची (खांबाच्या तळाच्या पत्र्याची) भोकं मोठी करतोय! तेव्हापासून मी बोल्ट जागेवर धरायला टेम्प्लेट (भोकं पाडलेला साचा) लावतो आणि टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) दोनदा तपासतो: ओतण्याआधी आणि ओतल्यावर लगेच, माल ओला असतानाच.

खरा जीव फरशीत. खाली २-३ मिमीचा उतार असला तरी उंच रॅकपाशी रीच ट्रकचा (उंचावर माल ठेवणाऱ्या फोर्कलिफ्टचा) मास्ट, म्हणजे उभा खांब, वर कितीतरी जास्त झुकतो. फरशीचे सांधे (भेग ठरल्या जागी यावी म्हणून पाडायच्या खाचा) काँक्रीट ओतलं त्याच रात्री काप, कटरवाला झोपला असेल तर उठव. उशीर केलास तर भेग आपली जागा स्वतः शोधते. घाईत क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, खाल्लं जातं. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) १०. तिथे कुणाचंही ऐकू नकोस.

आणि हो, डॉक लेव्हलरच्या (ट्रक आणि गोदामाची फरशी जोडणाऱ्या हलत्या फळीच्या) खड्ड्याची मापं पुरवठादाराकडून लेखी घे. तोंडी नको.