घरात पूर्ण पांढरं किचन करावं का? तोटे काय आहेत?

पूर्ण पांढरं करू नका, असंच मी सांगेन. आपल्याकडे रोज फोडणी होते, आणि खरी अडचण हळदीची आहे. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरतं. फोडणीचं तेल उडालं की तो पिवळा रंग टाइल्समधल्या पांढऱ्या सिमेंटच्या फटींत मुरतो. ओल्या फडक्याने हटत नाही, साबण लावला तर उलट लालसर होतो. उन्हाने फिका पडतो खरा, पण शेगडीमागच्या भिंतीवर ऊन येणार कुठून?

ओट्याला पांढरा संगमरवर तर मुळीच नको. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्यातल्या आम्लाने दगडच झिजतो आणि चकाकी जाते. पुन्हा पॉलिश केल्याशिवाय ती येत नाही. क्वार्ट्झ, म्हणजे दगडाचा चुरा जोडून कारखान्यात बनवलेली फरशी, त्यापेक्षा बरा, पण तो चुरा रेझिनने, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाने, जोडलेला असतो. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवली तर कायमचा चट्टा पडू शकतो.

शेगडीजवळच्या कपाटांची पांढरी शटर, म्हणजे दारं, काही वर्षांत पिवळसर होतात, मग एखादंच बदललं तर ते वेगळं उठून दिसतं. शिवाय रोजची पुसापुशी घरात ज्याच्या वाट्याला येणार, त्याला आधी विचारा.

पांढरा आवडतच असेल तर तो शेगडीपासून लांबच्या कपाटांना द्या. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, शेगडीमागे मोठ्या टाइल्स म्हणजे फटी कमी, आणि त्या फटींत सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे डाग सहसा न मुरणारा रेझिनचा भराव, भरून घ्या.