सांगलीतल्या पतसंस्थेवर संचालक म्हणून घेतलंय, मी फक्त मीटिंगला जाऊन सह्या करणार. संचालकांचा विमा खरंच लागतो का?

सह्या करणाराच आधी अडकतो हो. समजा, पुरेसं तारण न घेता कर्ज मंजूर झालं आणि थकलं. मग सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी लागते, ८८ खाली जबाबदारी निश्चित होते, आणि वसुली थेट तुमच्या घरादारावर येऊ शकते. "मला माहीत नव्हतं" हे तिथं सहसा चालत नाही.

डी अँड ओ (डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स) पॉलिसी, म्हणजेच संचालकांचा विमा, प्रामुख्याने वकिलाचा खर्च आणि चुकीच्या निर्णयामुळे अंगावर आलेली भरपाई उचलते. अपहार किंवा लबाडी शाबीत झाली, तर विसरा.

खरी मेख वेगळीच आहे. निर्णय घेतला तेव्हा नव्हे, दावा येतो तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. चौकशा तर बऱ्याचदा संचालक मंडळ बदलल्यावर निघतात! त्यामुळे माजी संचालकांना संरक्षण आहे का, मागच्या किती वर्षांतले निर्णय धरलेत आणि कलम ८८ ची रक्कम त्यात बसते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आधीच चौकशी चालू असेल तर अर्जात लिहा, नाहीतर ऐनवेळी दावा फेटाळतील.

आणि होकार कळवण्याआधी गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागून बघा. द्यायला टाळाटाळ केली, तर पदच नको.