ड्रॅग रेस सहा सेकंदांत संपते, मग लोक दिवसभर तिथे काय करतात?

तुमचा कॅलिफोर्नियातला मित्र जुन्या हॉट रॉड, म्हणजे घरच्या घरी फेरफार करून वेगवान केलेल्या गाड्यांच्या ड्रॅग रेसला, सरळ पट्टीवरच्या शर्यतीला, चल म्हणतोय आणि सहा सेकंदांच्या शर्यतीसाठी अख्खा दिवस उन्हात का घालवायचा, असं तुम्ही विचारलंय.

सेकंद मोजू नका. माझे वडील, आप्पा, खासबागेत कुस्तीला दुपारपासून जागा धरून बसायचे आणि एखादी मोठी जोड मिनिटाच्या आत चीतपट व्हायची. वेळ वाया गेला असं ते कधी म्हणाले नाहीत. इथेही दिवस घालवायचा तो पिटमध्ये, म्हणजे गाड्या उघडून दुरुस्त करतात त्या जागेत. शर्यत मधूनमधून होत असते.

आप्पांचं कोल्हापुरात उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा घासून नीट करायचं दुकान होतं. ट्रक, ट्रॅक्टर, पाण्याचे डिझेल पंप, कुणाचाही क्रँक यायचा आणि दहा थाऊ, वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून परत जायचा. २०१८ साली ते आमच्याकडे फ्रीमाँटला आले, तेव्हा पहिले तीन आठवडे सोफ्यावर बसून काढले. गोल्डन गेट दाखवला, तर "मोठा हाय" म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. शेवटी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पहाटे त्यांना घेऊन फमोसोला निघालो, चार तासांच्या रस्त्याने.

बेकर्सफील्डच्या उत्तरेला मॅकफार्लंड गावाजवळ, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर ही शर्यतीची पट्टी आहे. भोवती बदामाच्या बागा. ड्रॅग रेसिंगच्या मोठ्या संघटनेने, एनएचआरएने, १९५७ मध्ये नायट्रोमिथेन या इंधनावर बंदी घातली होती. बेकर्सफील्डच्या स्मोकर्स क्लबने ती मानली नाही आणि १९५९ साली इथे मोठी शर्यत भरवली. थेट फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स आला, जिंकला मात्र इथलाच आर्ट क्रिसमन. त्या काळातल्या गाड्या आणि माणसं १९९२ पासून ऑक्टोबरात इथे पुन्हा जमतात.

नायट्रोचं एवढं काय? त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, नायट्रोला पावणेदोन किलो पुरते. म्हणजे त्याच सिलिंडरात कितीतरी पट जास्त इंधन कोंबता येतं आणि ताकद दुपटीच्या वर जाते. पाव मैलात, म्हणजे ४०२ मीटरमध्ये, गाडी ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास पोचते. एवढा मार खाल्लेलं इंजिन प्रत्येक फेरीनंतर उघडून बघावंच लागतं.

पहिली नायट्रो गाडी सुटली तेव्हा आप्पांनी छातीवर हात ठेवला. आवाज कानापेक्षा बरगड्यांना आधी कळतो. धुराने आमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसत त्यांनी एकच विचारलं, "आता ही गाडी कुठं नेत्यात?"

आम्ही मागोमाग गेलो. तिथे तिकीट असलेल्या कुणालाही पिटमध्ये फिरता येतं. सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा आणि त्याची नात आपल्या ड्रॅगस्टरखाली आडवे झाले होते. जुन्या घडणीची गाडी, इंजिन पुढे आणि ड्रायव्हर पार मागच्या अॅक्सलच्याही मागे. त्यांनी चेंबर, म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा, उतरवला होता आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचे शेल, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, पांढऱ्या टॉवेलवर ओळीने मांडले होते, आठ जोड्या. आप्पांनी चष्मा बदलला आणि उकिडवे बसले. हात लावला नाही, नुसते बघत राहिले. त्या बसण्यावरूनच म्हाताऱ्याने ओळखलं असावं. त्याने स्वतःहून एक शेल पुढे केला. आप्पांनी त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, उजेडाकडे तिरका धरला आणि मला म्हणाले, "ह्या कडंला चेपलंय बघ. दणका बसलाय."

मी इंग्रजीत सांगितलं. म्हातारा काही न बोलता ट्रेलरमध्ये गेला आणि मायक्रोमीटर आणून आप्पांच्या हातात दिला. अमेरिकेत अजून इंचच चालतात, आणि उद्यमनगरातही क्रँकचं माप थाऊतच बोलतात. माझं काम तिथेच संपलं. आप्पांनी माप घेतलं, दोन बोटं दाखवली. म्हाताऱ्याने मान हलवली, ठिणगी देणारा मॅग्नेटो किंचित फिरवला आणि आप्पांकडे बघितलं. "टायमिंग मागं घेटलं," आप्पा म्हणाले. पाऊण तास ते दोघे त्या टॉवेलपाशी होते. तीन आठवड्यांत आप्पा इतके कशात रमले नव्हते. निघताना म्हाताऱ्याने तो शेल त्यांना देऊन टाकला.

माझी बारावी झाली तेव्हा बँकेत अधिकारी असलेले थोरले काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अंगाला ऑइल लागणारं काम आता या घरातनं जाऊ दे." आप्पा गप्प बसले. मी कॉम्प्युटरला गेलो, पुढे दुकान विकलं गेलं. हा प्रसंग मी काकांना सांगितला, तर म्हणाले, ते हौशी लोक, पोटासाठी थोडंच करतात? काका, पोटाची गरज नसताना माणसं पदरचे पैसे घालून जे काम करतात, ते हलकं कसं? आणि हॉट रॉडची सुरुवात पैसेवाल्यांनी केलेलीच नाही. १९३२ च्या फोर्ड व्ही-८ सारख्या जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन, मडगार्ड काढून, आधी साध्या घरच्या पोरांनी आणि मग युद्धावरून परतलेल्यांनी स्वतःच्या हातांनी त्या पळवल्या. कुणाला डिग्री विचारली नाही. तो चेपलेला शेल आज माझ्या टेबलावर आहे. माप घ्यायला शीक, म्हणून आप्पांनीच माझ्याकडे ठेवलाय.

तेव्हा मित्राबरोबर जाच, आणि घरात कुणी टर्नर, फिटर, मिस्त्री असेल तर त्यांना आधी न्या. हात लावू नका अशा पाट्या लावलेली चकचकीत गाड्यांची प्रदर्शनं मला तरी बघवत नाहीत.

हे आधीच सांगायला हवं होतं: कानात बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही हवेत. मी आप्पांना नुसते स्पंजचे बोळे दिले आणि त्यांचे कान दोन दिवस घुमत होते. ती माझी चूक. तान्ही मुलं नेऊ नका. परत आल्यावर रस्त्यावर गाडी पळवायची हुक्की आली, तर १९५१ साली वॉली पार्क्सने एनएचआरए काढली तीच मुळात अशा पोरांना रस्त्यावरून हटवायला, हे लक्षात ठेवा.

शनिवारी गेलात तर अंधार पडेपर्यंत थांबा. तेव्हा कॅकलफेस्ट, म्हणजे जुन्या गाड्यांची इंजिनं नुसती चालू करून दाखवायचा सोहळा, असतो. साठच्या दशकातल्या ड्रॅगस्टरांना स्टार्टर नसतो. मागून दुसरी गाडी ढकलत आणते, इंजिन पकडतं, आणि हेडरमधून, म्हणजे धुराच्या नळ्यांतून, ज्वाळा वर येतात. एकामागून एक अशा गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा आप्पा माझा दंड धरून ओरडले, "आरं, धक्का स्टार्ट!"