पेशी दोन लाख तीस हजार, मग गोळी कशासाठी?

अँजिओप्लास्टीनंतर समुपदेशनासाठी येणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असतो: अंगावर निळे डाग उठतात, बारीकशा जखमेचे रक्तही लवकर थांबत नाही, तेव्हा गोळी बंद करावी का? दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांनी तो विचारण्याआधीच गोळी बंद केली आणि चौथ्या दिवशी ते पत्नीसह नाशिकला माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

जुलैत हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांना स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवला होता. आता ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू होती, आणि कात्रीने अंगठ्याला पडलेली चीर अर्धा तास वाहत राहिली होती. रुमालाची गाठ सोडून त्यांनी ती दाखवली. जखम गव्हाच्या दाण्याएवढी होती. पत्नीने मात्र ‘पेशी कमी झाल्या’ असे ठरवून, डेंग्यूच्या साथीत ऐकलेला पपईच्या पानांचा रस सुरू केला होता. रक्ततपासणीत या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, 2 लाख 30 हजार निघाल्या. साधारण 1.5 ते 4.5 लाख ही नेहमीची मर्यादा असल्याने त्यांचा प्रश्न रास्तच होता: “पेशी चांगल्या आहेत, तर ही गोळी कशाला, ताई?”

डेंग्यूने आपल्याला प्लेटलेट्स मोजायला शिकवले, पण त्या करतात काय, हे सांगायचे राहूनच गेले. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असलेले अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही द्रव्ये सोडून प्लेटलेट्सना शांत ठेवते. विडी, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांमुळे हे अस्तर बिघडते आणि त्याच्याखाली, भिंतीतच, चरबी साठत जाते. “म्हणजे ठिबकच्या नळीत क्षार साचतो तसे,” ते म्हणाले. उपमा जवळची होती, तरी मी ती तशीच सोडली नाही, कारण क्षार नळीच्या पोकळीत साचतो, तर ही चरबी भिंतीच्या आत असते. तिच्यावरचे आवरण फाटले, की खालचे कोलॅजन रक्ताला लागते, प्लेटलेट्स तिथे चिकटतात, आकार बदलतात आणि एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही रसायने सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात. काही मिनिटांत गुठळी धरते. त्यासाठी प्लेटलेट्स वाढलेल्या असाव्या लागत नाहीत.

ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनची हाक बंद करते आणि क्लोपिडोग्रेल एडीपीची. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही, प्लेटलेट्सही घटत नाहीत. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नावच रुग्णाची दिशाभूल करते, असे माझे मत आहे. अंगठ्याची चीर उशिरा थांबली, कारण हाक तिथेही मंद झाली होती. स्टेंटच्या धातूवर नवे अस्तर चढायला काही महिने लागतात आणि तोवर उघडा धातू प्लेटलेट्सना चिथावू शकतो. त्यांना या दोन्ही गोळ्या चालू होत्या आणि त्यांनी नेमकी क्लोपिडोग्रेल सोडली होती.

मी त्यांच्यासमोरच हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. गोळी पुन्हा कशी सुरू करायची, हे डॉक्टरांनीच त्यांना सांगितले. रस थांबवायचा ठरला. लहान जखम स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता दाबून धरायची. मात्र काळी शौच, लघवीत रक्त किंवा न थांबणारा घोळणा दिसला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे मी पत्नीला वहीत लिहून दिले. विडीचा विषय निघाला तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यासाठी पुढची भेट ठरवली.

निघताना त्यांनी ही दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल, कधी संपणार, हे विचारले. डॉक्टरांनी वर्षभर सांगितले आहे, म्हणजे पुढच्या जुलैपर्यंत, असे मी म्हणाले. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

“म्हणजे एप्रिलची खरड छाटणीही हिच्यावरच. हातमोजे घ्यावे लागतील.”