रूट करण्याआधी परतीची वाट बघून ठेव
मित्रा, अँड्रॉइड फोन रूट करायचा, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवायचा, तर घाई नको. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो आधी लॅपटॉपवर घे. मॅजिस्क या रूट करायच्या अ‍ॅपने पॅच करायची (बदलायची) बूट इमेज, म्हणजे फोन सुरू होताना लागणारी सिस्टिमची फाइल, तुझ्या फोनच्या नेमक्या बिल्ड नंबरचीच (सॉफ्टवेअर आवृत्तीचीच) हवी. मूळ, पॅच न केलेली फाइलही जपून ठेव. मी ठेवली नव्हती आणि फोन रात्रभर लोगोवरच अडकला होता.

रूट काढताना आधी मॅजिस्कमधूनच अनइन्स्टॉल कर. मग कंपनीचं मूळ फर्मवेअर (फोनचं सिस्टिम सॉफ्टवेअर) टाक, फोन नीट चालू होतोय ना बघ, आणि त्यानंतरच बूटलोडर लॉक कर. क्रम चुकला तर फोन कदाचित सुरूच होणार नाही. सॅमसंग असेल तर नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज अनलॉक करताना एकदा उडाला की कायमचाच. रूट केलेल्या फोनवर बँकेची अ‍ॅप्स अनेकदा चालत नाहीत; ती रोज लागत असतील, तर जुन्या फोनवरच प्रयोग कर.