पेरणे फाट्याचा स्तंभ इंग्रजांनी नक्की कोणासाठी उभारला?

तुम्ही विचारलंय की कोरेगाव भीमाचा स्तंभ इंग्रजांनी महार सैनिकांसाठी बांधला का, आणि तिथल्या लढाईत ५०० महारांनी पेशव्यांची २८,००० ची फौज हरवली, हे ‘५०० विरुद्ध २८,०००’ खरं का. मी वाघोलीला राहतो, त्या रस्त्याने सारखं जाणं-येणं असतं, म्हणून लिहितो.

आधी जागेचं. स्तंभ कोरेगावात नाही. पुण्याहून नगर रस्त्याने गेलात तर भीमेच्या अलीकडे, पेरणे फाट्याला आहे. लढाई झाली ती पलीकडे, गावात.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इंग्रजांचा कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला, पुण्यातल्या इंग्रज फौजेच्या मदतीला. रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोचतो, तर समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज. त्याच्याकडे पायदळ ५०० च्या आसपास, शिवाय घोडेस्वार, मद्रासचे २४ गोलंदाज आणि दोन तोफा. सगळे मिळून ८३४. म्हणजे ५०० हा आकडा नुसत्या पायदळाचा. २८,००० हा पेशव्यांच्या सबंध फौजेचा इंग्रजांनी केलेला अंदाज; गावात घुसून लढले ते अरब, गोसावी आणि मराठे मिळून दोनेक हजार. एवढ्याने लढाई सोपी होत नाही म्हणा. नदी हाकेच्या अंतरावर आणि प्यायला पाणी नाही, अशा हालात स्टाँटनचे लोक रात्रीपर्यंत झुंजले. त्यांच्यातले २७५ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. इंग्रजांचा जनरल स्मिथ येतोय या धास्तीने पेशवे रात्री निघून गेले, आणि स्टाँटनही पुण्याचा नाद सोडून शिरूरला परतला.

‘पेशवाई इथे बुडाली’ असंही ऐकाल. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण त्याआधीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये चढलं होतं. बाजीराव शरण आला जून १८१८ मध्ये.

आता तुमचा मूळ प्रश्न. १८२१ साली पायाभरणी झाली, आणि दगडावर साल आहे १८२२, रोमन अंकांत. मजकूर इंग्रजीत आणि मराठीतही. त्यात कौतुक आहे ते स्टाँटनचं आणि त्याच्या तुकडीच्या चिवटपणाचं. जातीचा शब्द नाही. पण त्याच मजकुरात सरकारने मेलेल्या-जखमी शिपायांची नावं कोरायचा हुकूम दिल्याचं लिहिलंय. मान वर करून ती यादी वाचायला लागलात की शेवटी ‘नाक’ असलेली नावं एकामागून एक येतात. ही महारांची नावं. मेलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यांतली २२ त्यांची. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत.

गंमत पुढे आहे. १८९० च्या दशकात ह्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा पुण्याचे शिवराम जानबा कांबळे अर्जावर अर्ज करत राहिले, आणि आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलंय याचा पुरावा म्हणून ही कोरलेली नावं कामी आली. साहेबाने स्वतःच्या फुशारकीसाठी लावलेला दगड साहेबालाच दाखवला! १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आले, तेव्हापासून हा दिवस मोठा झाला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

बघायला जायचं तर १ जानेवारीला लाखोंची गर्दी असते आणि नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते. अभिवादनाला तेव्हा जा, पुस्तकांचे स्टॉलही असतात. नावं नीट वाचायची असतील तर एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी या.